सेवेला दोघं गेली, जागा एकाचीच होती

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई ६४ वर्षांच्या. राहणं बेळगाव शहरात, माहेर खानापूर तालुक्यातलं. यजमान ६९ वर्षांचे, मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, हाताला पखवाज बसलेला. गेल्या फाल्गुनात दोघं एका वर्षाच्या बोलीवर मॉरिशसला गेली. तिथल्या एका मराठी मंदिराच्या मंडळानं त्यांना विनामोबदला सेवेसाठी बोलावलंय. राहायला मंदिरामागच्या दोन खोल्या आणि शिधा मंडळाचा. मास्तर मुलांना भजन, पखवाज आणि मराठी बोलणं शिकवतात. त्यांचे दिवस भरलेले आहेत. बाई फुलं निवडतात, प्रसाद करतात, सभामंडप झाडतात आणि आल्यागेल्याला चहा देतात.

“मी इथं यांची बायको म्हणून आलो, तेवढंच माझं काम,” असं त्या लिहितात. सुरुवातीला त्याही मुलांच्या वर्गात जाऊन बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “मी पण आलो रे बाळांनो, बसा की.” मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, “आजी, बाई असेल तर ‘आले’ म्हणतात, आमच्या पुस्तकात आहे.” त्यावर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, “मुलांपुढं तरी शुद्ध बोल.” तेव्हापासून त्या वर्गात गेलेल्या नाहीत. गावातल्या बायका येतात, हसतात, हात जोडतात आणि निघून जातात. आता निपाणीला दिलेल्या लेकीचं दुसरं बाळंतपण मार्गशीर्षात आलंय, आणि मास्तर मात्र आणखी एक वर्ष राहायचं म्हणतात. बाईंनी विचारलंय: “देवाच्या दारात राहून माझं मन लागत नाही, म्हणजे माझी भक्तीच उणी काय? सेवा अर्धी टाकून आलो तर पाप लागेल काय?”

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्नांच्या आधी चार ओळी आहेत. त्या तुम्ही सहज लिहिल्या असतील, पण मी तिथंच थांबले. बेळगावात दर गुरुवारी गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात तुम्ही अकरा जणी भजनाला बसायचा. कार्तिकात काकडआरतीला अंधारात एकमेकींच्या दारात हाका मारत जायचा. एखादी आजारी पडली तर तिच्या वाटचा टाळ दुसरी वाजवायची. तीस वर्षं हे चाललं.

तुमची उपासना ही होती. मास्तरांची उपासना पखवाजाबरोबर विमानात बसून तिकडं आली. तुमच्या उपासनेतल्या दहा जणी इथं राहिल्या. देव दोन्हीकडे तोच आहे हे खरं, पण वारकरी माणूस वारीलासुद्धा एकटा जात नाही, दिंडीत जातो. आपल्या परंपरेनं संगतीला एवढी मोठी जागा दिली असताना संगत तुटल्यावर मन लागत नाही याचा दोष तुम्ही भक्तीला का देता? तुम्हाला माणसांची आठवण येते आहे. तिला आठवणच म्हणा, पाप म्हणू नका.

आता त्या वर्गातल्या दिवसाबद्दल. माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथं आहे, आणि ते तुम्ही पत्रात दोन वाक्यांत उरकलंत.

बेळगाव, खानापूर, चंदगड, खाली कोल्हापूरपर्यंत बायका “मी आलो, मी जातो, मी जेवलो” असंच बोलत आल्या आहेत. मी स्वतः घरात “येतो” म्हणते आणि लिहिताना “येते” लिहिते. आपल्या आया आणि आज्या अशाच बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात कुठंही काही चुकत नव्हतं. पुस्तकातलं रूप वेगळं आहे आणि मुलांनी ते शिकायलाच हवं, परीक्षा त्यातच द्यायची असते. पण तुम्ही बोललात ती आपल्या भागाची मराठी आहे. तिला अशुद्ध म्हणणं मला मान्य नाही, मग म्हणणारे मुख्याध्यापक असले तरी.

त्या मुलीकडे मात्र जरा वेगळ्या नजरेनं बघा. मॉरिशसमधल्या बहुतेक मराठी घरांत आज रोजचं बोलणं क्रिओल या तिथल्या बोलीभाषेत होतं. मराठी ही मुलं शाळेत विषय म्हणून शिकतात. मोका इथं १९७० साली भारत आणि मॉरिशस सरकारांनी मिळून सुरू केलेली महात्मा गांधी संस्था आहे, तिथंही मराठी शिकवली जाते. म्हणजे त्या मुलीनं मराठी ऐकली ती बहुतेक पुस्तकातून आणि शाळेतल्या बाईंच्या तोंडून. स्वयंपाक करता करता मराठी बोलणारी आजी तिला कदाचित पहिल्यांदाच भेटली. तिनं तुमच्या बोलण्यातला फरक टिपला, म्हणजे वर्गात सगळ्यांत नीट ऐकणारी तीच होती. तुम्ही गप्प झालात आणि तिला वाटलं असेल की आजी रागावली.

त्या मुलांचे पूर्वज तरी कुठली मराठी घेऊन तिथं उतरले? १८३४ पासून पुढं ऊसमळ्यांवर राबायला करारावर माणसं नेली गेली. त्यांतली मराठी माणसं मुख्यतः कोकणातली होती. पोर्ट लुईच्या बंदरात ती जिथं उतरली तो आप्रवासी घाट अजून आहे, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मास्तरांनी तुम्हाला तिथं नेलं नसेल तर एकदा दोघांनी जाऊन त्या दगडी पायऱ्यांवर बसून या. तिथून वर चढलेल्या बायका पुस्तकातली मराठी बोलत नव्हत्या. त्यांनी आपल्या गावची बोली आणली, गाणी आणली, गणपती आणला. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी म्हणून जो नाच तिथले मराठी लोक करतात तो कोकणातल्या जाखडीचाच वंशज. हे सगळं टिकलं ते घरात आणि अंगणात बोलून, गाऊन, नाचून.

म्हणून मला तुम्हाला विचारायचंय: गावातल्या बायका तुमच्याशी बोलत नाहीत, की बोलायला लाजतात? तुम्ही भारतातून आलेल्या, त्यातून मुख्याध्यापकांच्या पत्नी. “हिच्यापुढं आपली तुटकी मराठी कशी काढायची” असं त्यांना वाटत असण्याची शक्यता मला फार दिसते. तुम्ही तुमच्या मराठीला लाजून गप्प आणि त्या त्यांच्या मराठीला लाजून गप्प. चहाचा कप मध्ये, आणि दोन्हीकडून नुसतं हसणं.

हे फोडायचं कसं? मी व्याख्यान किंवा वर्ग सुचवणार नाही. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या दोघीतिघी शोधा. नात-सुनेला मध्ये घालून त्यांना विचारा, की तुमची आजी कुठली गाणी म्हणायची, झाकरीत काय गायचात, लग्नात हळद लागताना काय म्हणायचात. एखादी ओळ तरी निघेलच. मग तुम्ही तुमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणा. तुम्हाला येतात हे पत्रात तुम्हीच लिहिलंय, “पण त्याचं इथं काय काम” असंही लिहिलंय. माझ्या मते त्याचंच तिथं काम आहे. मास्तर शिकवतात ते भजन चांगलंच आहे, पण ओवी त्यांना येत नाही. तुम्हाला येते.

आणि त्या मुलीला परत बोलावून सांगा: “आमच्या बेळगावकडे बायका ‘आलो’ म्हणतात बघ. तुझ्या पुस्तकात ‘आले’ आहे, तेही बरोबर. तुझी पणजी काय म्हणायची, घरी विचारून ये.” पोरगी धावत जाईल.

क्रिओलची भीती तुम्ही लिहिलीत. ताई, तुम्ही सीमाभागात जन्म काढलेली बाई आहात. गणपत गल्लीत भाजी घेताना समोरची बाई कानडी, बँकेत अर्ज कानडी, बसची पाटी कानडी, आणि घरात मराठी. भाषेवरून इथं किती ताण झाले ते तुम्ही आणि मी दोघींनी बघितलंय. तरी बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना आपण कानडीत शिरतो आणि समोरची मराठीत येते. माझं लग्न गोकाकजवळच्या गावात झालं. पहिले सहा महिने मला “ऊटा आतेन्री?” (जेवण झालं का?) एवढंच समजायचं आणि मी मान हलवायची. शिकले ती शेजारणीबरोबर शेंगा फोडत बसून. तुमच्याकडं हे कसब आधीच आहे, फक्त तुम्ही त्याला कसब म्हणत नाही.

बाजारापासून सुरुवात करा. तिकडं भेंडीला लालो म्हणतात, दोडक्याला पिपांगाय, कारल्याला मारगोझ. पालेभाजी म्हणजे ब्रेद. शेवग्याचा पाला ब्रेद मुरुम, अळू ब्रेद सोंज. “की मान्येर?” म्हणजे कसं काय. एवढ्यावर एक आठवडा निघतो. आठवड्यातून एकदा मंडळाचा शिधा न घेता स्वतः बसनं बाजाराला जा, प्रसादाची भाजी स्वतः निवडा. मंदिरामागच्या दोन खोल्यांत सात महिने काढले तर आपल्या गावातसुद्धा जीव गुदमरेल.

बेळगावच्या दहा जणींना तोडू नका. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे. गुरुवारी इथं संध्याकाळी पाचला भजन सुरू होतं तेव्हा तिथं दुपारचे साडेतीन असतात. तुमच्या पत्रावरून ही तुमची रिकामी वेळ दिसते. मंदिरात फोन टेकवून ठेवायला एखादीला सांगा आणि तिकडून टाळ धरा. आवाज मागंपुढं होईल, ताल जुळणार नाही. तरी धरा. पण फक्त त्यावर राहू नका. फोन ठेवल्यावर खोली आणखी रिकामी वाटते असा माझा अनुभव आहे, म्हणून गुरुवारीच संध्याकाळी तिथल्या एखाद्या घरी जायचं ठरवून टाका.

आता मास्तर. त्यांची बाजू मला अगदी परकी नाही. निवृत्तीनंतर नऊ वर्षं शाळेची घंटा ऐकली नाही, आणि आज साता समुद्रापलीकडे पोरं पाया पडून “गुरुजी” म्हणतात. माणूस सुखावणारच. चारचौघांत चूक काढणं ही चाळीस वर्षांच्या वर्गाची सवय आहे, त्यामागं दुष्टावा मला दिसत नाही. पण सवय असली तरी ती तुम्हाला लागली, आणि हे त्यांना ठाऊक आहे असं पत्रात कुठंही दिसत नाही. तुम्ही वर्गात जाणं सोडलंत, त्यांनी समजा असं धरलं असेल की हिला स्वयंपाकघर बरं वाटतं. सात महिने तुम्ही न बोलता रुसलात आणि त्यांना रुसवा दिसला नाही. यात थोडं तुमचंही चुकलं, असं मी म्हटलं तर राग मानू नका.

एकादशीला दोघांचा उपास असतो, स्वयंपाकाची घाई नसते. त्या संध्याकाळी बोला. फार मागचं काढू नका. “अहो, त्या दिवशी मुलांपुढं मला दुरुस्त केलंत, मला लागलं. त्यामुळं मी वर्गात येत नाही. पुन्हा तसं करू नका.” एवढंच. त्यानंतर दुसरी गोष्ट: मंडळाशी तुमच्या नावानं बोलणं व्हायला हवं. बोलावणं कुणाला होतं? पत्रावरून दिसतं की फोन मास्तरांना आला, होकार मास्तरांनी दिला, आणि तुम्हाला “आपण जायचंय” असं सांगितलं गेलं. तुमचं काम काय, हे कुणी ठरवलंच नाही, म्हणून जे उरलं ते तुमच्याकडं आलं. झाडणं आणि प्रसाद करणं हलकं मुळीच नाही. पण ते तुम्ही निवडलेलं नाही. पठारावरच्या थंड गावात पावसाळी हवेत गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर सभामंडप झाडायला मंडळानं दुसरं माणूस द्यावं, हे मागायला लाजू नका. सेवेकऱ्यानं गुडघे मोडून घ्यावेत असा कुठल्या देवाचा नियम नाही.

लेकीच्या बाळंतपणाचं बघू. तुम्ही आणि मास्तर दोघांनीही एक गोष्ट धरूनच चाललात, की दोघांनी राहायचं किंवा दोघांनी परतायचं. का बरं? बोलणी जोडप्याशी झाली तरी माणसं दोन आहेत. तुम्ही मार्गशीर्षाच्या आधी येऊन दोन-अडीच महिने राहून परत जाऊ शकता. मास्तरांनी वर्षाचा शब्द दिलाय, तो त्यांनी फाल्गुनापर्यंत पाळावा. तुम्ही दोन महिने रजा घेतली म्हणून त्यांचा शब्द मोडत नाही. आणि पापाचं म्हणाल तर, संत सावता माळी अरणचा आपला मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि वारकऱ्यांनी त्यांना कधी उणं मानलं नाही. लेकीच्या बाळंतपणाला आलेली आई देवाकडून पळून आली असं मला म्हणवत नाही.

त्याआधी लेकीला मात्र विचारा. तुम्ही तिच्या मनातलं सगळं गृहीत धरलंय. तिला माहेरी यायचंय की पहिल्या मुलाची शाळा निपाणीत आहे म्हणून तिथंच राहायचंय? तिच्या सासूबाई करणार आहेत का? कदाचित तिला बाळंतपणाच्या वेळेपेक्षा नंतरचा दीड महिना तुम्ही जास्त हव्या असाल, तेल-शेक आणि थोरल्याला सांभाळायला. फोनवर “कधी येऊ?” असं विचारू नका, ती “तुझी सेवा होऊ दे” म्हणेल. “तुला कुठला महिना मी हवी?” असं विचारा.

तुम्ही इकडं आलात तर मास्तर काय जेवणार, हाही प्रश्न आहे. चहापलीकडं काही येतं का त्यांना? दोन महिने हातात आहेत. भात, डाळ, एक भाजी शिकवा. आठवड्यातले काही दिवस गावातल्या घरांनी जेवायला बोलवावं असं मंडळाला सांगून ठेवा. नोव्हेंबरपासून तिकडं चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा एकट्या वयस्कर माणसाकडं कोण बघणार त्याचं नावही ठरवून घ्या. डिसेंबरात तिकिटं महागतात, म्हणून येणं ठरलं की लगेच काढा, आणि परत जाताना व्हिसाची अडचण येणार नाही ना हे निघण्याआधी मंडळाकडून लेखी घ्या.

आणखी एका वर्षाबद्दल माझं मत सरळ आहे: आत्ता हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. नातवंडाचं तोंड बघून, तिकडं दुसऱ्यांदा गेल्यावर पहिले पंधरा दिवस कसे जातात ते बघून ठरवा. दुसऱ्यांदा जाताना पाय ओढत असतील तर तो तुमचा कौल समजा आणि मास्तरांना तसं सांगा. त्यांना एकट्यानं वर्ष काढायचं असेल तर तेही बोलता येईल. चाळीस वर्षांच्या संसाराला दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं काही होत नाही. वर्षाच्या अंतराबद्दल मात्र मी एवढं खात्रीनं बोलणार नाही.

कागदपत्रांचं थोडं, कारण असं बोलावणं आलेले आणखीही वाचक आहेत. कुणी अमेरिकेतल्या देवळात चाललंय, कुणी चर्चच्या कामाला आफ्रिकेत. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. परदेशातून तो कसा चालेल हे आपल्या बँकेला आधी विचारून ठेवा. मॉरिशसमध्ये असाल तर पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायोगात तो करून मिळतो. घराचा किंवा जमिनीचा व्यवहार अडकलेला असेल तर वटमुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथंच करा, तिकडून करायचं तर पुन्हा उच्चायोगाच्या खेपा. भारतातलं सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि हेस्कॉमचं विजेचं बिलसुद्धा भरता येत नाही. गोळ्या किमान तीन महिन्यांच्या न्या, आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्या कंपनीचं नाव तिकडचा औषधवाला ओळखेलच असं नाही. विमा घेताना बीपी, शुगर लपवू नका, नेमक्या वेळी पैसे नाकारतात. विनामोबदला सेवा असली तरी पर्यटक म्हणून उतरून ती करता येते का, हे बोलावणाऱ्यांकडून लेखी घ्या. मुदत, सुट्टीचा दिवस, दवाखान्याचा खर्च आणि परतीचं तिकीट कुणाचं, हे एका कागदावर असावं. देवाच्या कामात कागद कशाला, असं म्हणणारे भेटतील. त्यांना कागद दाखवूनच नमस्कार करा.

आणि जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझी विनंती आहे. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा: तिथं तू काय करणार? एकाचं उत्तर तोंडपाठ असेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही, तर आधी महिना-दीड महिन्यासाठी जाऊन या.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “माझी भाषा गावठी आहे, छापताना सुधारून घ्या.” शुद्धलेखनाचा एक काना मी दुरुस्त केलाय, तो घाईत सुटला होता. वर तुमची वाक्यं दिलीत त्यांतला “आलो” मात्र तुम्ही लिहिला तसाच ठेवलाय.